कर्म

केसपेपरवर चौथ्या ओळीत लिहिलेलं असतं 'व्यसन',
पुढे दोन ठिपके आणि अंगठ्याएवढी जागा.
पहिली अकरा वर्षं मी ती अशी भरली:
मान वर न करता,
बाहेरच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात,
"दारू पितो का रे?"
"नाही, सिस्टर."
नाही, असं लिहायचं. पुढचा.

आपल्या भाषेची एक गंमत आहे.
पाणी, चहा, ताक, काढा
ज्याचं त्याचं नाव घ्यावं लागतं.
नुसतं "तो पितो" म्हटलं
की काय पितो, हे कुणी विचारत नाही.
तेवढं एक क्रियापद कर्माशिवाय चालतं,
आणि उरलेलं कर्म
आपण माणसाच्या कपाळी मारतो.

लहानू येनपुरे, वय एकेचाळीस,
भुसार बाजारात हमाल, गाव वेल्ह्याच्या पलीकडे.
तिसऱ्यांदा आला तेव्हा डोळे
त्याच्याच पाठीवरच्या हळदीसारखे झाले होते.
बोलत मेहुणा होता.
डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला, "मरायचंय का?"
लहानू फरशीकडे बघून म्हणाला, "नाही, साहेब."
हे नाही खरं होतं.
ते कुठल्याच ओळीत बसलं नाही.

मेहुण्याला मी औषधांच्या खिडकीवर पाठवलं,
तिथे रांग असतेच.
दार लोटलं. खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली.
पेन खिशात ठेवलं, आणि ठेवताना त्याला दिसू दिलं.
"लहानूभाऊ, दिवसाला किती घेता?"
पितो नाही, घेता.
एवढंच. याला अकरा वर्षं.

दोन क्वार्टर, तो म्हणाला.
हिशेबाच्या दिवशी तीन.
सकाळी हात थरथरतात, तेवढ्यापुरती घोटभर.
"अरे बापरे" ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं.
विचारलं, "घेतल्यावर बरं काय वाटतं?"

वरचा पंखा दोन-चार फेऱ्या नुसताच फिरला.
गुलटेकडीत दुपारी खिडकीतून कांदा येतो,
तोही येऊन गेला.
"पोतं उतरतं, सिस्टर. पाठीला कळत नाही.
ती तशीच वाकलेली, जेवताना, निजताना.
घेतली की तिला कळतं."

मग एकदम घाईने, गळ्याला हात लावून,
"आजपास्नं बंद. आईची आण."
म्हटलं, आण नको. असं तोडायचं नसतं.
एकाएकी थांबलात तर अंग कापेल,
नसलेली माणसं दिसतील, फिट येईल, जिवावर बेतेल.
मोठ्या दवाखान्यात थोडे दिवस राहा.
चिठ्ठी देते, फोनही करते.
तिथे गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात,
पोतं उतरवतात तसं, दोघांनी धरून.

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाला,
"तुम्ही कधी काही सोडलंय, सिस्टर?"

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात मिश्रीची डबी आहे.
आठवीत असताना मावशीने दाढेला लावली होती,
ती दाढ पडून वीस वर्षं झाली.
ड्यूटीआधी, बाथरूमची कडी लावून, नळ सोडून.

"नाही," मी म्हटलं, "मला तसलं काही नाहीच."
लगेच. फरशीकडे बघून.

त्याला कळलं.
हमाल आहे तो.
पोतं न उघडता सांगतो आत काय आहे,
ओलं किती, कोरडं किती.
पण बोलला नाही काही.
मी मघाशी गिळलं, तसंच बहुतेक त्यानेही गिळलं.

मेहुणा गोळ्या घेऊन आला.
मी पेन काढलं. चौथी ओळ.
दिवसाला दोन क्वार्टर, सकाळी थोडी, पाठीसाठी.
जागा पुरली नाही, अक्षरं समासात गेली.

"भरती झाला नाहीत तरी मंगळवारी या," मी म्हटलं.
"घेऊन आलात तरी या."

दारात चप्पल शोधत तो म्हणाला,
"येतो. तुमचं सांगायचं राहिलंय."